साक्षीच्या आदल्या दिवशी

आत्याने फोनवर एवढंच सांगितलं, "मीठ संपलंय. येताना घेऊन ये. आणि वाटेत रेंगाळू नकोस."

थोरलीने हातातला कप तसाच ठेवला आणि चपला पायात सरकवल्या. वडिलांच्या घरात मीठ कधी संपत नसे. आत्याचा नवरा सैन्यात होता त्या काळापासून फोनवर कोण कान लावून बसलंय याचा भरवसा नाही असं आत्याचं ठाम मत होतं, आणि या घरात मीठ संपलं याचा अर्थ एकच होता: घोळ झालाय, काही विचारू नका, या. आई गेली तेव्हाही मीठच संपलं होतं.

रविवारची सकाळ कलत आली होती. गल्लीत सगळी निवृत्त सैनिकांची घरं. कुंपणाची झुडपंसुद्धा नव्या रंगरुटाच्या डोक्यासारखी बारीक कापलेली. कुणी गाडी पुसत होतं, कुणी फाटकाला रंग देत होतं. थोरलीला पाहून दोघांनी मान वळवली. निवृत्त सैनिकांच्या वसतिगृहातली ती बातमी तिने छापली, लकवा झालेल्या म्हाताऱ्यांना तिथे कसं ठेवतात ते फोटोंसकट सांगितलं, तेव्हापासून या गल्लीत तिला नमस्कार मिळणं बंद झालं होतं. वसतिगृहाच्या मंडळावर अर्धी गल्ली होती. बाबाही होते. त्यानंतर बाप-लेक बोलत ते हवापाण्यावर.

आत्याने दार बोटभर उघडलं. "मीठ आणलंस?"

"आत्या!"

"अगं, खरंच थोडंच उरलंय," आत्या म्हणाली आणि तिला आत ओढून तिने कडी लावली.

भर दिवसा पडदे ओढलेले होते. स्वयंपाकघरात, फ्रीज आणि भिंत यांच्या मधल्या जागेत, स्टुलावर धाकटा बसला होता. अंगात बाबांचा जुना शर्ट, त्याला खांद्यात घट्ट होणारा. दाढी वाढलेली. तो कॅप्टन झाला त्या दिवसाचा फोटो बाहेरच्या खोलीत होता. त्या फोटोतल्या माणसाचा हा कुणी दूरचा आजारी चुलतभाऊ वाटला असता. त्याच्या मागे त्याची बायको उभी होती. ती दातांची डॉक्टर. दवाखाना या शहरात म्हणून ती इथे राहायची आणि तो छावणीत. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, सैल नव्हे, खुर्चीत पेशंटला धरून ठेवावं तसा.

"केव्हा आलास?" थोरलीने विचारलं.

"पहाटेच्या बसने."

"रजा?"

त्याने आत्याकडे पाहिलं. आत्याने उत्तर दिलं, "रजा असती तर मीठ कशाला संपलं असतं?"

थोरलीला आधी त्याची काळजी वाटली, आणि त्याच क्षणी, त्या काळजीच्या तळाशी, दुसरंच काहीतरी जागं झालं. ते तिने ओळखलं. वीस वर्षं तिने सैन्याच्या बातम्या केल्या होत्या. निवृत्तिवेतनाच्या कचेरीबाहेर उन्हात रांगेत उभ्या माणसांपासून तिने सुरुवात केली. मग नकली पाय, जे चालताना दारासारखे करकरत. मग सीमेवरची लढाई, जिथून परतल्यावर बरेच दिवस तिला दिवाळखोर माणसासारखी झोप लागत नव्हती. आणि गेले काही महिने ती एका जवानाच्या मागावर होती, जो सरावाच्या कूचमध्ये मेला. छावणीचं म्हणणं, पोराने ताप लपवला. पोराच्या आईचं म्हणणं, माझं पोर आदल्या संध्याकाळी फोनवर गाणं म्हणत होतं. छावणी धाकट्याची होती. तुकडी कोणती, हे तिने त्याला कधी विचारलं नव्हतं. बहिणीने विचारायचं नाही, भावाने सांगायचं नाही, असा करार दोघांनी तो सैन्यात गेला त्या दिवशी केला होता आणि आजवर तो तंतोतंत पाळला होता.

आता तो तिच्याकडे बघत होता. तो करार मोडणार हे दोघांनाही कळलं.

"ताई, उद्या सकाळी चौकशी आहे," तो म्हणाला. "त्या पोराची. तो माझ्या प्लॅटूनमध्ये होता."

"बोलू नकोस," त्याची बायको म्हणाली. मग थोरलीकडे वळून, अदबीने पण दात आवळून, "ताई, तुम्ही आत्ता बहीण म्हणून आलात की पेपरवाली म्हणून? आधी तेवढं सांगा."

"आत्याने मीठ मागवलं म्हणून आले."

"हे उत्तर नाही."

नव्हतंच ते उत्तर. पण द्यायला दुसरं मिळेपर्यंत जिन्यावर काठीचा आवाज आला. बाबा उतरत होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते एकेक पायरी ठरवून घेत. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस मेजर होऊन निवृत्त झाला होता. रविवारीही शर्टाची घडी चाकूसारखी. ते स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

"सगळे जमलात. ठीक. मग एकदाच सांगतो. मी कर्नलसाहेबांना फोन केलाय. हा इथे आहे म्हणून सांगितलं. छावणीतून गाडी निघालीय."

दातांच्या डॉक्टरने तोंडावर हात घेतला. आत्या ताडकन उठली. "तू काय केलंस?"

"जे करायला हवं ते."

"अरे, पोटचं पोर आहे ते!"

"पोटचं आहे म्हणूनच, अक्का. दुसऱ्याचं असतं तर पोलिसांना केला असता फोन. विनापरवाना गैरहजर राहिलेला अधिकारी माझ्या घरात फ्रीजमागे लपून बसणार नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "तीन पिढ्या या घराने सैन्याचं मीठ खाल्लं. पळून आलेला कुणी नाही."

"बाबा, मी पळालो नाही."

"मग काय केलंस? सहलीला आलास?"

"त्याला विचारा ना काय झालं ते!" थोरली मध्ये पडली. "फोन करायच्या आधी एकदा विचारलंत?"

"तू गप्प बस. तुझ्या धंद्यात विचारतात आणि मग छापतात. आमच्यात सांगितलेलं ऐकतात. तक्रार असेल तर आतून करायची. वरच्याला सांगायची, मग त्याच्या वरच्याला. चव्हाट्यावर धुणी धुवायची नाहीत."

"वसतिगृहाची धुणी तुम्ही किती वर्षं आत धुतलीत, बाबा? डाग निघाले का?"

हे बोलायला नको होतं. हवापाण्याच्या गप्पांखाली जे पुरून ठेवलं होतं ते तिने सगळ्यांसमोर उकरलं. बाबांचा हात काठीवर आवळला. आत्यानेही तिच्याकडे डोळे वटारले. आत्ताआत्तापर्यंत आत्या तिच्या बाजूची होती. एका वाक्यात ती भावाकडे सरकली.

"भांडा," धाकटा म्हणाला. "तुमचं झालं की मी सांगतो. गाडी येईपर्यंत वेळ आहे."

तो स्टुलावरून उठला नाही. बोलताना त्याने कुणाच्याच तोंडाकडे पाहिलं नाही, गॅसच्या शेगडीकडे पाहत राहिला.

"तो पोरगा रजेवरून उशिरा परतला. त्याची शिक्षा सगळ्या प्लॅटूनला. पाठीवर वजन घेऊन टेकडीपलीकडच्या चौकीपर्यंत जायचं आणि यायचं, दुपारच्या उन्हात. त्यात नवीन काही नाही, बाबा, तुम्हीही केलंय. पण निघायच्या आधी कर्नलसाहेब स्वतः मैदानावर आले. म्हणाले, तहान सोसायला शिकलं पाहिजे. बाटल्या रिकाम्या करा."

"कुठल्या बाटल्या?" बाबांनी विचारलं.

"पाण्याच्या."

"रिकाम्या करा म्हणजे?"

"म्हणजे ओता. भरलेल्या. प्रत्येकाने जमिनीवर ओतली आणि उलटी करून दाखवली. हुकूम त्यांचा, आवाज माझा. ते हळू बोलतात, तुम्हाला माहितीये. ओरडलो मी."

त्याने बाहीने तोंड पुसलं.

"परतताना तो दोनदा बसला. दोनदा मी उठवला. तिसऱ्यांदा बसला तेव्हा पाणी मागितलं. कुणाकडे असणार? मग असंबद्ध बोलायला लागला, मला आईच्या दुकानाचा पत्ता सांगायला लागला. कपडे तयार आहेत, घेऊन जा म्हणाला." तो थांबला. "उद्या मी सांगायचंय की त्याला ताप होता, त्याने लपवला, आणि सगळ्यांकडे पुरेसं पाणी होतं. माझ्याकडून तसं पाठ करून घेतलंय. दोनदा."

बाबा हळूच खाली बसले. खुर्ची नव्हती तिथे, तांदळाच्या डब्यावर बसले. वडील असे अंदाज न घेता कुठे बसल्याचं थोरलीला आठवत नव्हतं.

"भरलेल्या?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"भरलेल्या."

आत्याचा आवाज आला, एकदम मऊ. "आजोबा खेचरं हाकायचे पलटणीत. लढाईतसुद्धा त्यांचा नेम काय होता?"

या घरात लहानपणी जेवायला बसताना, पोरं हाणामारी करायला लागली की, मोठी माणसं ते वाक्य इतक्यांदा फेकत की त्याचा अर्थ झिजून गेला होता. आधी खेचराच्या तोंडाला पाणी, मग आपल्या. बाबांनी ते पूर्ण केलं नाही. ते म्हणाले, "मला फोनवर कर्नल काय म्हणाला माहितीये? म्हणाला, मेजर, पोरगा जरा हळवा आहे. उद्या आमच्याबरोबर नीट बोलला की आम्ही सगळं विसरू. आणि मी," त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली, "मी आभार मानले त्याचे."

थोरलीच्या डोक्यात तोवर मथळा तयार झाला होता. तिला थांबवता आला नाही. वीस वर्षांची सवय. हात आपोआप पर्समधल्या फोनकडे गेला. संपादकांना सांगितलं तर पहिलं पान उद्यासाठी मोकळं होईल. चौकशी सुरू व्हायच्या आत अंक छावणीच्या फाटकावर पोचेल. मग पाठ केलेली साक्ष कुणाच्या तोंडून निघेल?

"हे उद्या छापलं पाहिजे," ती म्हणाली. "छापलं तर त्याला कुणी हात लावू शकणार नाही. मी बघितलंय, या चौकश्या बंद दाराआड होतात आणि बंद दाराआडच मरतात. मी डझनभर पुरताना पाहिल्यात."

"आलं बघा," दातांची डॉक्टर म्हणाली. "आत्ता तुमच्या डोळ्यांत जे आलं ना ताई, ते मी पाहिलं. माझ्याकडे एक वाईट दाढ आली की माझ्याही डोळ्यांत तेच येतं. मी ओळखते."

थोरलीला ते इतकं वर्मी लागलं की तिला राग येण्याऐवजी हसू आलं. धाकटाही हसला, कित्येक दिवसांत पहिल्यांदा असावं, कारण त्याच्या ओठाला चीर पडली.

"तिचं चुकत नाही, ताई," तो म्हणाला. "तू छापलंस तर मी साक्षीदार राहणार नाही, तुझा माणूस होईन. बहिणीला छावणीतल्या गोष्टी पुरवणारा अधिकारी. पाण्याचं राहील बाजूला आणि खटला माझ्यावर चालेल. आणि तुझ्या बातमीवरही कोण विश्वास ठेवेल? भावाला वाचवायला लिहिलं म्हणतील."

"मग तू इथे आलास कशाला?" हे बाबांनी विचारलं. पण मघाच्या आवाजात नाही.

"एकदा कुणासमोर तरी खरं म्हणून बघायचं होतं. तोंडातून निघतं की नाही ते." त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "छावणीत नुसतं पाठ केलेलंच तोंडात यायचं."

त्याची बायको इतका वेळ उभी होती, ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली. सकाळपासून तिचा बेत वेगळा होता. ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञाकडून आजारपणाचा दाखला घ्यायचा, नवऱ्याला महिनाभर कुठेतरी नेऊन ठेवायचं, चौकशी त्याच्याशिवाय होऊ द्यायची. आत्याला तो बेत पसंत होता. थोरलीला मीठ आणायला सांगितलं ते खरं तर बाबांची समजूत काढायला, त्यांच्यापुढे तोंड उघडणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून. आता तिने नवऱ्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, "निघालं ना पण? खरं?"

"निघालं."

"उद्या निघेल?"

"निघेल."

ती उठली आणि तिने दारामागच्या खिळ्यावरून गाडीची किल्ली घेतली. "मग इथे बसून गाडीची वाट का बघायची?"

बाबांना उठायला दोन प्रयत्न लागले. "ती बरोबर म्हणतेय. पकडून आणलेला माणूस आणि स्वतःहून परतलेला माणूस, दोघांच्या शब्दाला वेगळं वजन असतं. छावणीची गाडी हमरस्त्याने येईल. आपण धरणाच्या रस्त्याने जाऊ. फाटकावरच्या नोंदीत स्वतःच्या पायाने आत आल्याचं लागलं पाहिजे. मी बरोबर येतो. कर्नलला मला तोंडावर काही सांगायचंय."

"तुझा गुडघा," आत्या म्हणाली.

"गुडघ्याने बोलणार नाहीये मी."

धाकट्याने दाढी केली. बाबांच्या शर्टावर त्याचा गणवेशाचा कोट चढवता येईना, म्हणून आत्याने त्याचा चुरगळलेला शर्ट घाईघाईत इस्त्री करून दिला, बाही करपवून. निघताना त्याने थोरलीला विचारलं, "तू काही करणार नाहीस ना?"

"तू सांगितलंस त्यातलं एक अक्षर बाहेर जाणार नाही."

"मी ते विचारलं नाही."

"जा तू," ती म्हणाली.

गाडी गल्लीबाहेर पडली. थोरली स्वयंपाकघरात आली आणि तिने खिसेवाल्याला फोन लावला.

खिसेवाला दुसऱ्या पेपरात सैन्याच्याच बातम्या करायचा. बारा महिने अंगात एकच खिशाखिशांची बंडी. लोक म्हणत, त्यातल्या एका खिशात त्याची बायको राहते. पंधरा वर्षं दोघांनी एकमेकांच्या बातम्या पळवल्या होत्या, एकमेकांना चुकीच्या विश्रामगृहांचे पत्ते दिले होते, आणि सीमेवर एकाच खड्ड्यात पोटावर पडून एकमेकांच्या पोरांची नावं विचारली होती. पेन्शनरांच्या मोर्च्यात कुणी पुढे जायचं यावरून हमरीतुमरीही झाली होती.

"मी तुला एक बातमी देतेय," ती म्हणाली. "पूर्ण. इस्त्रीच्या दुकानवाली आई, सरकारी दवाखान्यातली नर्स, सैन्य सोडून गेलेले त्याच प्लॅटूनचे दोघे. सगळ्यांशी बोलणं झालंय. सगळे नावानिशी बोलायला तयार आहेत. तू पुन्हा स्वतः भेट, माझ्या शब्दावर जाऊ नकोस."

"तुला कॅन्सर-बिन्सर झालाय का?"

"नाही."

"मग फुकट का देतेयस? यात पाय कुठे घसरतो ते सांग आधी."

"माझा भाऊ त्या तुकडीत आहे. मी लिहू शकत नाही. त्याच्याकडून आलेलं यात काहीही नाही. आजपर्यंत मी जे स्वतः गोळा केलं तेवढंच."

खिसेवाल्याचा आवाज बदलला. आता तो कामाला लागला होता, कागद चाळत होता. त्याने नर्सचं विचारलं. तिने सांगितलं, अंग भट्टीसारखं होतं, जीभ लाकडासारखी. त्याने त्या दोघा जवानांचं विचारलं. तिने सांगितलं, ते आजारी पडून मागे राहिले होते, निघताना मैदानावर नव्हते. मग त्याने सर्वात मोठा प्रश्न विचारला, जो तिनेही त्याच्या जागी पहिला विचारला असता.

"पाणी होतं का त्यांच्याकडे?"

थोरलीने ओट्याची कड धरली. एका वाक्याचं काम होतं. त्या वाक्याशिवाय बातमी म्हणजे संशय होता. त्या वाक्यासकट ती पुरावा होती. तिने आयुष्यभर लोकांकडून हे असं एकेक वाक्य काढलं होतं. गोड बोलून, दारात तासन्‌तास उभी राहून, कधी रडून.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली.

तो हुशार होता. त्याने पुन्हा विचारलं नाही. "बरं," म्हणाला, "ते मी शोधतो."

संपादकांचा फोन त्याहून छोटा झाला. त्यांनी दोन शिव्या दिल्या, एक तिला आणि एक नशिबाला.

जेमतेम चहा झाला तोच छावणीची गाडी दारात उभी राहिली. दोन शिपाई आणि एक तरुण अधिकारी. गल्लीतली फाटकं रंगवणारी माणसं ब्रश हातात धरून थांबली. आत्याने दार सताड उघडलं, सकाळपासून पहिल्यांदा.

"या. चहा घेणार का?"

"मावशी, कॅप्टनसाहेबांना घ्यायला आलोय."

"तो तर गेला. त्याला कशाला घ्यायला लागतं, त्याला रस्ता माहितीये. आतापर्यंत अर्ध्यावर पोचला असेल. बापाने आणि बायकोने सोडायला नेलंय."

अधिकाऱ्याने आत नजर टाकली आणि थोरलीला ओळखलं. त्याचा चेहरा कडक झाला. "मॅडम, आपण इथे बातमीसाठी?"

"हे माझ्या वडिलांचं घर आहे."

"उद्या काही छापून येणार आहे का?"

"माझ्या नावाने नाही," ती म्हणाली. ते शब्दशः खरं होतं, आणि असं शब्दशः खरं बोलणाऱ्या प्रवक्त्यांवर तिने वीस वर्षं दात खाल्ले होते.

तो जायला वळला. मग शिपाई गाडीत बसेपर्यंत मुद्दाम मागे रेंगाळला आणि हलक्या आवाजात त्याने आत्याला विचारलं, "तो स्वतःहून जातोय ना, मावशी? नक्की?"

"नक्की."

"बरं झालं," तो पुटपुटला. "मीही त्या दिवशी मैदानावर होतो."

तो बाहेर पडला तेव्हा आत्याने थोरलीचा हात घट्ट धरला. थोरली त्याच्या पाठीकडे बघत राहिली. दुसरा साक्षीदार तिच्या दारातून चालत निघाला होता, आणि तिला एक शब्दही विचारायची सोय नव्हती.

चौकशीत धाकट्याने पाण्याचं सांगितलं. त्याच्यानंतर त्या तरुण अधिकाऱ्याने सांगितलं, मग प्लॅटूनमधल्या एकेका जवानाने. सगळी साखळीच सुटली. खिसेवाल्याची बातमी त्याच आठवड्यात आली आणि पाण्याचं त्याने दुसऱ्या कुणाकडून तरी शोधून काढलं. कुणाकडून, ते थोरलीने कधी विचारलं नाही. कर्नलला पदावरून काढलं, त्याच्यावर खटला भरला. धाकट्याची बदली एका दूरच्या भांडारात झाली, जिथे तो तंबू आणि खिळे मोजायचा आणि जिथून पुढे कुणाला बढती मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं. त्याच्यावरही ठपका आला, हुकूम पुढे दिल्याचा. त्याने तो नाकारला नाही. बाबांनी छावणीच्या फाटकावर कर्नलला तोंडावर काय सांगितलं, ते मात्र घरात कुणाला समजलं नाही. दातांची डॉक्टर गाडीतच होती. ती म्हणाली, बोलताना दिसत होते, ऐकू येत नव्हतं, पण सलाम कुणी कुणाला केला नाही.

बक्षीस खिसेवाल्याला मिळालं. त्याने फोन करून शिवी दिली आणि फोन ठेवला. त्यांच्यात ते आभारच होते.

एकच माणूस राहिलं होतं. पोराची आई. बातमी दुसऱ्याच पेपरात पाहून तिने थोरलीला फोन केला होता आणि म्हटलं होतं, "तुला मी मुलीसारखं सगळं सांगितलं. त्याची चप्पलसुद्धा दाखवली. आणि तू ऐन वेळी मागे सरलीस. किती मिळाले?" खटला चालू होता, थोरलीला काही सांगता येत नव्हतं. तिने ते ऐकून घेतलं. नंतर बाईने तिचे फोन उचलले नाहीत.

खटला संपल्यावर धाकटा रजेवर आला. साध्या कपड्यांत. त्याने चहा घेतला नाही. म्हणाला, "ताई, मला तिच्याकडे घेऊन चल."

इस्त्रीचं दुकान एका अरुंद रस्त्यावर, चाव्या बनवणारा आणि न्हावी यांच्या मधे. कपड्यांच्या घड्या छतापर्यंत. बाई उंच होती, तिचे दंड पुरुषासारखे. थोरलीला पाहून तिने इस्त्री चालूच ठेवली.

"आता काय राहिलंय?"

"हा माझा भाऊ," थोरली म्हणाली. "तुमच्या मुलाच्या तुकडीत होता. म्हणून मी लिहिलं नाही."

बाईने कॉलर उलटी केली, दाबली. मग धाकट्याकडे पाहिलं, पायापासून वर.

"त्या दिवशी तू कुठे होतास?"

थोरलीने तोंड उघडलं. वीस वर्षांत तिने किती जणांसाठी किती नेमकी, मऊ वाक्यं बांधली होती, आणि हेही तिने वाटेत गाडीत बांधून ठेवलं होतं. धाकट्याने तिच्या दंडाला हात लावून तिला थांबवलं.

"तिथेच होतो," तो म्हणाला. "पाणी ओता म्हणून ओरडणारा मीच."

चावीवाल्याचं चक्र शेजारी किरकिरत होतं. बाईने शर्टाची घडी पूर्ण केली, बाजूला ठेवली. मग वाकून भिंतीवरचं बटण बंद केलं आणि तापलेली इस्त्री उभी करून ठेवली. तिने त्याला बस म्हटलं नाही, जा असंही नाही.

"सकाळपासून सांग," ती म्हणाली. "उठला तिथपासून. काय खाल्लं, कुणाशी बोलला. काही गाळू नकोस."

"उठला तेव्हा तो—" धाकट्याने वाक्य पहिल्यापासून धरलं. "बूट सापडत नव्हता त्याचा एक. सगळे हसत होते. तोही."

थोरली दारातून मागे सरकली. हे ऐकायला मिळावं म्हणून तिने महिनोन्‌महिने उंबरे झिजवले होते. पण हे आता तिचं नव्हतं. ती पायरी उतरून रस्त्यावर आली, आतला आवाज ऐकू येणार नाही इतकी लांब गेली, आणि न्हाव्याच्या दुकानापुढच्या बाकावर, आपला नंबर लागायची वाट बघत बसलेल्या माणसांच्या शेजारी, बसून राहिली.